दुपारी तीननंतर दूध फाटतं: कॅफेसाठी नवा फ्रिज किंवा डिस्पेन्सर घेण्याआधी काय तपासायचं

मार्च लागला की मला येणाऱ्या फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "ताई, दूध फाटतंय." नाशकातला कॉलेज रोड असो, गंगापूर रोड असो की नाशिक रोड, वाक्य तेच. पूर्वी मी काउंटरमागे कॉफी करायचे. आता कॅफेंचे काउंटर मांडून देते, दूध ठेवायची आणि ओतायची व्यवस्था बघते. फोन करणाऱ्या मालकाचं बहुतेक वेळा ठरलेलंच असतं की फ्रिज बदलायचा. कोणता घेऊ, एवढंच त्याला विचारायचं असतं. मी आधी थांबायला सांगते, कारण नव्या फ्रिजमध्येही दूध तसंच फाटलेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

आधी लक्षणं नीट बघा

"दूध फाटतं" या एका तक्रारीत पाच-सहा वेगळे आजार लपलेले असतात. तुमचा कोणता, ते आधी ओळखा.

सकाळी दूध उत्तम असतं, पण दुपारी तीन-चारनंतर वाफ दिली की जगाच्या (दुधाला वाफ द्यायच्या स्टीलच्या भांड्याच्या) कडेला बारीक कण दिसायला लागतात. ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, आणि तिचं मूळ बहुधा पहाटे असतं.

दिवसातला पहिलाच कप फाटतो, पुढचे बरे निघतात. म्हणजे डिस्पेन्सरच्या (दूध थंड ठेवून तोटीतून देणाऱ्या पेटीच्या) तोटीत किंवा नळीत रात्रीचं दूध अडकलेलं आहे.

दूध फाटत नाही, पण फेस धरत नाही. मोठे बुडबुडे येतात आणि कप टेबलावर पोचेपर्यंत फेस बसतो.

दुधाला वास येतो. कधी खवट, कधी साबणासारखा, कधी ओल्या पुठ्ठ्यासारखा, कधी सरळ कांद्याचा. वास कसला येतो ते लिहून ठेवा. त्यावरून कारण लवकर सापडतं.

मागच्या भिंतीला टेकलेली पिशवी गोठते आणि दाराजवळची कोमट राहते.

डिस्पेन्सर थेंब थेंब गळतो, किंवा दर वेळी माप वेगळं पडतं.

दूध एकाच पेयात फाटत असेल आणि बाकी सगळ्यांत ठीक असेल, तर फ्रिजच्या मागे लागू नका. हलक्या भाजणीची कॉफी जास्त आंबट असते आणि सोया किंवा बदामाचं दूध तिच्यात चटकन फुटतं. तिथे कॉफी किंवा दुधाचा प्रकार बदलायचा.

पहिली तपासणी: तीन पळ्या

हिला एक पैसाही लागत नाही, आणि निम्म्या तक्रारींचा माग हिच्यातच लागतो. एका दिवसात तीनदा पळीभर दूध छोट्या भांड्यात उकळून बघायचं. पहिली पळी दूध दुकानात आल्या आल्या, न फोडलेल्या पिशवीतली. दुसरी दुपारी तीनला, फ्रिजमध्ये सकाळपासून न उघडलेल्या पिशवीतली. तिसरी त्याच वेळी, पण जगातली किंवा डिस्पेन्सरच्या तोटीतून घेतलेली.

पहिलीच फाटली, तर दूध तुमच्या दारात येण्याआधीच बिघडलं आहे. पहिली टिकली आणि दुसरी फाटली, तर गारवा कमी पडतोय. पहिल्या दोन्ही टिकल्या आणि तिसरी फाटली, तर दोष भांड्यात, नळीत किंवा हाताळण्यात आहे, आणि नवा फ्रिज घेऊन तुमचे पैसे वाया जातील.

उकळूनच का बघायचं? थंड दूध चाखून हे कळत नाही. ताज्या दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं दूध आंबट) ६.७ च्या आसपास असतो. जिवाणू दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पीएच खाली सरकतो. थंड दुधाचं दही व्हायला तो ४.६ पर्यंत यावा लागतो, पण गरम केल्यावर दूध त्याच्या कितीतरी आधीच फुटतं. म्हणून पोरं सांगतात, "ताई, चाखून बघितलं होतं, गोड होतं," आणि ती खरंच सांगत असतात. जिभेला आंबटपणा कळायच्या आधीच वाफेला तो कळलेला असतो.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती जिवाची आहे. काही कॅफे गावाकडून सुट्टं दूध आणतात. दूध चवीला सुरेखही असतं. पण पाश्चरीकरण न केलेलं दूध वाफेने ६०-६५ अंशांपर्यंत नेलं म्हणजे ते सुरक्षित झालं, असं होत नाही. पाश्चरीकरणासाठी दूध ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद राहावं लागतं. जगात ते ६५ ला पोचतं आणि लगेच कपात जातं. सुट्टं दूध वापरायचंच असेल, तर आधी पूर्ण उकळा, झटपट थंड करा, मगच फ्रिजमध्ये ठेवा. फेस आणि चव बदलेल, ते मान्य करावं लागेल. कॉफीसाठी मी पिशवीचं पाश्चरीकृत, होमोजिनाइज्ड (साय वेगळी होऊन वर येत नाही असं) दूधच सुचवते.

दुसरी: दुधाचं तापमान, फ्रिजचं नव्हे

काटा असलेला डिजिटल थर्मामीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो. आणल्यावर आधी त्याची परीक्षा घ्या. पेलाभर कुटलेल्या बर्फात थोडंसं पाणी घालून ढवळा आणि काटा मधोमध धरा. ० अंश दाखवायला हवं. उकळत्या पाण्यात तपासून १०० दिसत नाही म्हणून थर्मामीटर परत करायला निघालेले लोक मला भेटले आहेत. आपलं शहर उंचावर आहे, नाशकात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. बर्फाचीच परीक्षा खरी माना.

आता दूध मोजा. पिशवी न फोडता दोन पिशव्यांच्या मध्ये काटा दाबून धरला आणि दोन मिनिटं थांबलं, तरी पुरेसं खरं तापमान कळतं. फ्रिजच्या दारावरचा आकडा हा आतल्या एका कोपऱ्यातल्या हवेचा असतो. इंदिरानगरच्या एका कॅफेत दारावर ३ दिसत होतं आणि मधल्या कप्प्यातलं दूध ११ अंशांवर होतं. मालकांना पटेना. त्यांच्याच हातात थर्मामीटर दिला, तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली आणि खाली बसले.

मोजायचं तीनदा: दूध आल्यावर, फ्रिजमध्ये ठेवून चार तासांनी, आणि दुपारच्या गर्दीत. दूध ४ अंशांवर किंवा त्याखाली हवं. ५ च्या वर गेलं की जिवाणूंची वाढ जोर धरते. ४ वरही काही जिवाणू वाढतच असतात, पण हळू.

या तपासणीत मला सगळ्यात जास्त वेळा जे सापडतं, ते फ्रिजच्या आत नसतं, पायरीवर असतं. दूधवाले दादा साडेपाच-सहाला क्रेट शटरसमोर ठेवून जातात. दुकान उघडतं आठला. मे महिन्यात पहाटेही हवा उबदार असते, पूर्वेकडे तोंड असलेलं दुकान असेल तर सातलाच ऊन पायरीवर येतं. आठला पोरगा क्रेट आत घेतो तेव्हा दूध १८-२० अंशांवर असतं. बरं, हेच दूध जानेवारीत त्याच पायरीवर दोन तास राहून काही होत नाही, कारण तेव्हा नाशकातली पहाट फ्रिजसारखीच असते. म्हणून मालक म्हणतात, "थंडीत काहीच त्रास नव्हता, म्हणजे फ्रिजच उन्हाळ्यात दमतोय." फ्रिज दमतो हे खरं, पण त्याला गरम दूध दिलं म्हणून.

उपाय स्वस्त आहे. जाड थर्माकोलची पेटी शटरच्या आत किंवा शेजारच्या दुकानात ठेवा, तिच्यात रात्री गोठवलेल्या पाण्याच्या चार बाटल्या टाका आणि दूध थेट तिच्यात उतरवून घ्या. नाहीतर दूधवाल्यांना वेळ बदलून मागा. आजवर मी जितक्यांना हे विचारायला लावलं, त्यातले बरेच दूधवाले तयार झाले. फक्त आधी कुणी विचारलंच नव्हतं.

तिसरी: फ्रिजमध्ये दूध कसं भरता

काउंटरखालचा फ्रिज थंड दूध थंड ठेवण्यासाठी बनवलेला असतो. गरम दूध थंड करणं ही त्याची ताकद नाही. कॅफेसाठी फ्रिज निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

हिशेब करून बघा. २० लिटर दूध २० अंशांवरून ४ वर आणायला जेवढी उष्णता काढावी लागते, तेवढी सुमारे ४ किलो बर्फ वितळताना शोषून घेतो. तेच काम फ्रिजमधल्या हवेने करायचं म्हटलं, की पिशव्या एकमेकींना चिकटलेल्या, क्रेट भिंतीपर्यंत ठासलेला, दार दर पाच मिनिटांनी उघडतंय, अशात मधल्या पिशवीला सगळी सकाळ लागते. तोवर ती कोमटच असते. दुपारी फाटते ती हीच मधली पिशवी.

म्हणून उशिरा किंवा गरम आलेलं दूध आधी बर्फाच्या पाण्यात बुडवा. टबात ७-८ किलो बर्फ आणि पिशव्या बुडतील एवढं पाणी, कारण टबाला आणि पाण्यालाही गारवा लागतो. अर्ध्या-पाऊण तासात पिशव्या हलवत राहिलात तर दूध ४-५ अंशांवर येतं. मग पुसून फ्रिजमध्ये, दोन पिशव्यांच्या मध्ये बोटभर जागा ठेवून. आधी आलेलं आधी वापरायचं, नवं मागे सरकवायचं.

आणि जुन्या दुधावर नवं ओतायचं नाही. डब्यात तळाशी पावशेर उरलंय म्हणून वरून नवी पिशवी फोडणं म्हणजे विरजण लावणं. घरी आपण चमचाभर दह्याने लिटरभर दूध लावतो, इथे तेच नकळत होतं.

चौथी: जग, फडकं, वाफेची नळी

तिसरी पळी फाटली असेल तर इथे या.

अर्धा जग दूध उरलं, मशीनवर ठेवलं, दहा मिनिटांनी त्यात थोडं थंड दूध घालून पुन्हा वाफ दिली, ही सवय सगळीकडे आहे. दुधाचे पैसे जातात म्हणून पोरं जपून वापरतात, त्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण एकदा ६५ वर जाऊन ४० वर आलेलं दूध जिवाणूंसाठी सुखाची जागा असते, आणि त्याचा फेसही नीट होत नाही, कारण प्रथिनांची घडण पहिल्याच वाफेत बदललेली असते. कपाच्या मापाचा जग वापरा. एका कॅपुचिनोला ३५० मिलीचा जग, दोनला ६०० मिलीचा. जग लहान केला की उरणारं दूध आपोआप कमी होतं.

वाफेची नळी दुधात बुडवण्याआधी आणि नंतर वाफ सोडून मोकळी करायला हवी. वाफ बंद होताच नळी आतून थंड होते आणि थोडं दूध आत ओढून घेते. ते आत शिजतं, सडतं आणि पुढच्या जगात येतं. नळी पुसायचं फडकं फक्त तिचंच असावं आणि दर दोन-तीन तासांनी बदलावं. फडक्याचा वास घेऊन बघा, मी काय सांगते ते लगेच कळेल.

फेस धरत नसेल तर जगात भांडी घासायच्या साबणाचा थर राहिलाय का ते बघा. किंचित साबण उरला तरी फेस कोसळतो. जग स्वच्छ असेल आणि दुधाला खवट वास असेल, तर स्निग्धांश फुटला आहे. दूध गोठून पुन्हा वितळलं, किंवा पंपाने फार घुसळलं गेलं, की असं होतं.

पाचवी: तोटी आणि नळी उघडा

डिस्पेन्सर वापरणाऱ्यांनी हा भाग घाईने वाचू नये.

तोटी पूर्ण सुटी करा. आतली रबरी रिंग काढा, तिच्या खाचेत नख फिरवा. नखावर पिवळट, चिकट काही आलं तर शोध संपला. हा जिवाणूंचा थर असतो, नुसत्या पाण्याने धुऊन जात नाही, आणि त्याच्यावरून जाणारा प्रत्येक लिटर थोडं विरजण घेऊन जातो.

धुण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कोमट पाणी, ३५-४० अंशांचं. आल्या आल्या उकळतं पाणी ओतलंत तर दुधातली प्रथिनं भांड्याला शिजून चिकटतात. मग ६० अंशांच्या पाण्यात डिटर्जंट घालून ब्रशने घासा, पुन्हा स्वच्छ पाणी. पांढरट खरखरीत थर असेल तर तो दुधाच्या आणि पाण्याच्या क्षारांचा असतो, तो सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने आठवड्यातून एकदा निघतो. शेवटी अन्नाच्या भांड्यांसाठी चालणारं सोडियम हायपोक्लोराइट: ५ टक्क्यांचं द्रावण असेल तर १० लिटर पाण्यात २० मिली. दोन-तीन मिनिटं ठेवून काढा आणि सगळं सुटं, उपडं वाळवा. ते स्टीलमध्ये रात्रभर भिजत ठेवू नका, स्टीललाही खड्डे पडतात. आणि ॲसिड व हायपोक्लोराइट कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो, बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेततो. दोन्हींच्या मध्ये भरपूर पाण्याने धुवा, आणि दोन्ही बाटल्या वेगळ्या कपाटांत ठेवा.

तोटी गळत असेल तर नव्वद टक्के वेळा ती रबरी रिंगच असते. वीस-तीस रुपयांची वस्तू. चार जादा घेऊन ठेवा.

तोटीची धातूही बघा. आपल्याकडे तांबट आळी, भांडी बाजार अशी परंपरा आहे, पितळ-तांब्याचं सगळ्यांनाच प्रेम, मलाही आहे. एका कॅफेत सुंदर स्टीलच्या पिंपाला हौसेने पितळी तोटी लावली होती. आठवड्याभरात दुधाला पुठ्ठ्यासारखी चव यायला लागली. तांब्याचा अंश दुधातल्या स्निग्धांशाचं ऑक्सिडेशन भराभर घडवतो. पितळेतही तांबंच असतं. तोटी स्टीलची लावल्यावर दोन दिवसांत तक्रार गेली. अशीच चव दूध पारदर्शक बाटलीत भरून दिवे लागलेल्या काचेच्या दाराच्या फ्रिजमध्ये ठेवलं तरी येते, कारण उजेडही तेच करतो. तिथे बाटल्या बदला किंवा आतला दिवा बंद करा.

सहावी: आता फ्रिज

रात्री दुकान बंद करताना पाण्याची लिटरभर बाटली मधल्या कप्प्यात ठेवा. सकाळी दार उघडताच तिचं तापमान मोजा. रात्रभर दार बंद असून पाणी ४ अंशांवर आलं असेल, तर यंत्र चांगलं आहे आणि त्रास दिवसभरच्या उघडझाकीचा आहे. पाणी ८-१० वरच राहिलं असेल, तर यंत्रात दोष आहे.

यंत्रातल्या दोषांपैकी तुमच्या हातात येणारे एवढेच. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढली गेली तर तिथून गारवा जातोय. चारही बाजूंनी बघा, बिजागरीकडे विसरू नका. रबर कोमट पाण्याने पुसून मऊ होतं, फाटलं असेल तर बदलायचं. मग प्लग काढून कंडेन्सरची जाळी बघा, पाठीमागे किंवा खाली असते. कॅफेत तिच्यावर धूळ, कॉफीची पूड आणि तेलकट वाफ यांचा नमदा बसतो. उष्णता बाहेर पडायची वाटच बंद होते. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर वापरा, पात्यांना वाकवू नका. महिन्यातून एकदा हे करा. मागे आणि बाजूला निदान चार-पाच बोटं मोकळी जागा हवी.

आत बर्फाचा डोंगर साठला असेल तर रात्रभर बंद ठेवून, दार उघडं टाकून वितळू द्या. सुरीने खरवडू नका, आतली नळी फुटली की फ्रिजच गेला. पुन्हा चालू केल्यावर दोन-तीन दिवसांत बर्फ परत जमला, तर तुमचं काम संपलं, पुढचं तंत्रज्ञाचं.

विजेचंही बघा. दाब खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर लावा, आणि तो वीज आल्यावर तीन मिनिटं थांबून चालू होणारा असू द्या. लगेच चालू झालेला कॉम्प्रेसर अडखळतो आणि जळतो. वीज गेल्यावर दार बंद ठेवलं तर साधारण ४ तास गारवा टिकतो. त्या वेळात "जरा बघते" म्हणून उघडलेलं दारच नडतं.

हे सगळं ठीक असूनही त्रास राहिला, तर साधनच चुकीचं आहे

आता निवडीकडे येऊ. सुरुवात लिटरपासून करा, फ्रिजच्या फोटोंपासून नको. समजा दिवसाला ८० गरम कप, सरासरी १६० मिली दूध: १२.८ लिटर. ४० कोल्ड कॉफी, प्रत्येकी २२५ मिली: ९ लिटर. त्यावर दहा टक्के सांडलवंड, म्हणजे २४ लिटर. नाशकात मार्च ते जूनमध्ये कोल्ड कॉफीचा आकडा दुप्पट होतो, तेव्हा मे महिन्याचा हिशेब करा, डिसेंबरचा नको.

दिवसाला १५ लिटरपर्यंत असाल तर डिस्पेन्सरचा विचारही करू नका. लिटरच्या पिशव्या, मशीनशेजारी काउंटरखाली पंख्याचा छोटा फ्रिज, बस. पिशवी फोडली की झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओतायची आणि तो डबा रिकामा झाला की धुवायचा.

१५ ते ४० लिटरमध्ये दोन जागा लागतात: मागे साठ्याचा उभा फ्रिज, जो दिवसातून चार-पाचदाच उघडेल, आणि हाताशी दोन तासांपुरतं दूध मावेल असा लहान. बहुतेक जण एकच मोठा फ्रिज घेतात आणि तोच दिवसभर उघडतात. माझ्या मते नाशकातल्या कॅफेंच्या दुधाच्या बऱ्याच तक्रारी या चुकीतूनही येतात. बाटल्यांसाठीचा काचेच्या दाराचा कूलर साठ्याला चालवून घेता येतो, पण गरम दूध त्यात टाकू नका.

४० च्या पुढे डिस्पेन्सर फायद्याचा ठरतो. त्यातही मला पिशवी किंवा कॅन आत ठेवून लवचीक नळीने दूध देणारा, नळी चिमटून बंद होणारा साधा प्रकार आवडतो. दूध फक्त नळीला लागतं आणि नळी दर नव्या पिशवीबरोबर बदलता येते. नळी चिमट्याखाली इंचभरच ठेवून तिरपी कापा. लांब सोडली तर थंड पेटीच्या बाहेर लोंबणाऱ्या तुकड्यातलं दूध खोलीच्या तापमानाला येतं. मोजून दूध देणारा पंप माप अचूक देतो, पण त्याच्या आत दुधाला लागणारे भाग बरेच, आणि रोज रात्री ते सुटे करून धुणारा माणूस हवा. असा भरवशाचा माणूस नसेल तर पंप घेऊ नका. आणि डिस्पेन्सरमध्ये होमोजिनाइज्ड दूधच घाला, नाहीतर साय वर येऊन तोंड बंद होतं आणि पहिला कप पातळ, शेवटचा दाट येतो.

घेताना पाटी वाचा. घरगुती फ्रिजवर हवामानाचा वर्ग छापलेला असतो: एन म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी, एसटी ३८ पर्यंत, टी ४३ पर्यंत. एप्रिल-मेमध्ये नाशिक चाळिशी ओलांडतं, आणि एस्प्रेसो मशीनखालच्या कोनाड्यात त्याहून जास्त असतं. टी किंवा कॅफेसाठी बनवलेला, निदान ४० अंशांवर चालेल अशी लेखी हमी असलेला घ्या. आतला पत्रा ३०४ क्रमांकाच्या स्टेनलेस स्टीलचा, कोपरे गोल, खाली झाडू जाईल एवढे पाय, दार आपोआप लागणारं. आणि विचारा: रबर आणि पंखा सातपूर-अंबडच्या औद्योगिक परिसरात मिळतो का, की मुंबईहून मागवावा लागेल? मे महिन्यात आठ दिवस वाट बघणं म्हणजे आठ दिवस बर्फ विकत घेणं.

बंद पडलेल्या कॅफेचा जुना फ्रिज स्वस्तात मिळतो. घ्या, पण पाण्याच्या बाटलीची परीक्षा आधी त्यांच्याकडेच करा, रात्रभर.

कुठे थांबायचं

हात लावताना झटका बसला, जळका वास आला, कॉम्प्रेसर टक्-टक् करून बंद पडतोय, आतली कॉइल एका टोकालाच गार आहे, किंवा बर्फ पुन्हा जमतोय: प्लग काढा आणि तंत्रज्ञाला बोलवा. कपॅसिटरला हात लावू नका, वीज बंद केल्यावरही त्यात विद्युतभार राहतो. पाटीवर आर-२९० किंवा आर-६०० ए लिहिलं असेल तर आतला वायू पेट घेणारा आहे. गळतीची शंका असेल तर शेगडी बंद, खिडक्या उघड्या, आणि त्याच वायूचं काम येणारा माणूस. एस्प्रेसो मशीनचा बॉयलर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ही तर आपली हद्दच नाही.

"गॅस भरून देतो" म्हणणाऱ्याला आधी विचारा, गळती कुठे सापडली? बंद यंत्रणेतला गॅस आपोआप संपत नाही. गळती न शोधता भरलेला गॅस महिन्याभरात पुन्हा जातो. नायट्रोजनने दाब देऊन गळती शोधायची, बुजवायची, व्हॅक्यूम करायचा, मग पाटीवर छापलेल्या वजनाइतका गॅस तोलून भरायचा, हा क्रम तो पाळणार असेल तरच काम द्या.

पहिली पळी आठवड्यात तीनदा फाटली, तर पुरवठादाराला दिवस, वेळ आणि दुधाचं तापमान लिहून कळवा, त्या पिशव्यांचे फोटो जपा आणि पुरवठा बदला. दुधाला साबणाचा किंवा औषधाचा वास असेल, किंवा कुणाला दूध पिऊन उलट्या-जुलाब झाले, तर ते दूध विकणं त्याच क्षणी थांबवा, आजारी माणसाला डॉक्टरकडे पाठवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. तिथे घरगुती उपाय करत बसू नका.

तंत्रज्ञाला फोन करताना जवळ ठेवा: पाटीचा फोटो, पाण्याच्या बाटलीचं सकाळचं तापमान, दुपारी दुधाचं तापमान, बर्फ कुठे जमतो आणि किती दिवसांनी. एवढं सांगितलंत तर तो पहिल्याच फेरीत योग्य सुटा भाग घेऊन येतो. तो येईपर्यंत दूध बर्फाच्या टबात ठेवा, दर तासाला मोजा, आणि ५ च्या वर दोन तासांहून जास्त राहिलेलं दूध कॉफीत घालू नका.